रुपयात दहा आणे

नागपूरचं यंत्र आठ दिवसांच्या बोलीवर मिळालं.
निकेतने ते एसटीत मांडीवर धरून आणलं,
कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं.

आमचा डबा इथल्याच बाजारातला, प्लॅस्टिकचा.
झाकणाला तापल्या सुईने पाडलेली दोनशे भोकं
(एकशे सत्याण्णव. तीनदा मोजली),
आणि माशांच्या टाकीचा पंप, उलटा केलेला,
फुंकायचं सोडून ओढायला शिकवलेला.
किती ओढतो?
पालथी बाटली, बादली, मनगटावरचं घड्याळ.
आत काचेच्या बशीत जेली.
हवा भोकातून येते आणि वळून निघून जाते.
तिच्यासोबत जे आलेले असतात
त्यांना तेवढं झटकन वळता येत नाही.
ते जेलीवर आपटतात, आणि तिथेच संसार मांडतात.

मोहाळीचा दवाखाना, बायांचा वॉर्ड,
सहा खाटा, मे महिना, बाहेर पंचेचाळीस.
पुस्तकात लिहिलंय, बश्या उबेत ठेवा.
आम्ही त्या माठामागे ओल्या पोत्यात ठेवल्या,
नाहीतर जंतूच उष्माघाताने गेले असते.

चार नंबरच्या खाटेवरून पार्बताबाई नन्नावरे:
"काय करून रायल्या वो म्याडम?"
"हवा मोजतोय, आजी."
"मंग? किती भरली?"

दोन दिवसांनी भरली ती अशी:
यंत्र एकशे बारा, डबा सत्तर.
यंत्र दोनशे पाच, डबा एकशे एकोणतीस.
यंत्र अठ्ठ्याऐंशी, डबा छप्पन्न.
निकेतचं तोंड उतरलं.
मी त्याला आमच्या गावच्या बोबड्या वाण्याची गोष्ट सांगितली.
त्याचा किलो कमी भरायचा,
पण रोज तेवढाच कमी.
अख्खं गाव त्याच मापाने जेवलं, कुणी फसलं नाही.
हा डबाही रुपयात दहा आणे सांगतो.
सांगू दे. सोळा आपण करू.

मग वॉर्डचा कूलर लावला.
यंत्र चारशे दहा.
डबा सत्त्याण्णव.

वाणीच बदलला जणू.
रात्रभर मी भोकं मोजत बसले,
पंपाची नळी बदलली, बाटली पुन्हा पालथी घातली.
ओढ तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, कूलरसमोर, त्याच स्टुलावर.
पार्बताबाई उठून बसल्या. सलाइनचा हात धरून.
"आडवा वारा खाऊन रायला तुमचा डबा.
दिव्याले लावत नाही का आडोसा? तसा लाव ना वो."
वासनिक सिस्टरने स्वयंपाकघरातून सूप आणलं,
निकेतने ते कूलरच्या अंगाला धरलं
दहा मिनिटं, हात न हलवता,
आणि सहाही खाटा गप्प, जणू बाळ निजलंय.

यंत्र चारशे दोन. डबा दोनशे एक्कावन्न.

चारशे मात्र खरेच होते.
बशीवर हिरवे, करडे, एक गुलाबी,
एक कापसासारखा, झाकणाला टेकलेला.
कूलर बंद करा म्हणायची माझी छाती नव्हती,
पंचेचाळीसमध्ये कोण म्हणेल.
गजानन झाडेने टाकी उपसली,
तळाला बोटभर शेवाळ, एक चप्पल, लहान मुलाची.
जाळीतलं जुनं भुसकट काढून नवं भरलं.

आठवा दिवस. यंत्र एसटीने परत गेलं.
पार्बताबाईंना सुट्टी मिळाली, मुलगा मोटरसायकलवर घेऊन गेला.
आम्ही रिकाम्या खाटेजवळ, सुपाच्या आडोशाला,
नुसता डबा लावला.

एक्केचाळीस.
म्हणजे पासष्ट. बहुतेक.
वहीत 'यंत्र' लिहिलेल्या रकान्यात
निकेतने एक आडवी रेघ मारली,
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, पंप बंद कर आधी,
तापलाय तो.